एमटी ३४६४ च्या मागावर : इंग्लंडमधले सहा दिवस

पहिला दिवस : लंडन

शाळेत असताना पुण्यातल्या एका गॅरेजात मी एक जुनी एमजी पाहिली होती. तिचे मालक मोठ्या अभिमानाने सांगत की ही गाडी जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळलेली आहे. पण कोणत्या साली, कोणी चालवली, कितवा क्रमांक आला, असे विचारले की ते बॉनेटवर हात ठेवून नुसते हसत. गाडी शर्यतीत पळली होती हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसला. पुढे नोकरीतून मोकळा झाल्यावर मी जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतींचा इतिहास वाचू लागलो, आणि या ऑगस्टमध्ये एकाच गाडीचा धागा धरून सहा दिवस इंग्लंडमध्ये हिंडायचे ठरवले. ती गाडी म्हणजे १९२९ ची बेंटली स्पीड सिक्स, नोंदणी क्रमांक एमटी ३४६४, चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, क्रमांक एलबी २३३२. बेंटलीप्रेमी तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात.

पहिल्या दिवशी सामान ठेवून मी थेट बेकर स्ट्रीटजवळच्या चॅगफर्ड स्ट्रीटवर गेलो. ही एक अरुंद, शांत गल्ली आहे. १९१९ मध्ये तिचे नाव न्यू स्ट्रीट म्यूज होते आणि तिथल्या एका इमारतीत वॉल्टर ओवेन बेंटली यांनी आपले पहिले तीन लिटरचे इंजिन त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू केले. भिंतीवर त्याची आठवण सांगणारी पाटी आहे, तेवढीच. कारखाना पुढे क्रिकलवुडला गेला, आणि अवघ्या बारा वर्षांत, १९३१ मध्ये, कंपनी दिवाळ्यात निघून रोल्स-रॉइसच्या हाती पडली. मधल्या काळात बेंटलीने फ्रान्समधल्या ले मांची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली : १९२४ मध्ये एकदा आणि नंतर १९२७ पासून १९३० पर्यंत सलग चार वर्षे. शेवटच्या दोन विजयांत स्पीड सिक्स होती. साडेसहा लिटर म्हणून ओळखले जाणारे, प्रत्यक्षात ६,५९७ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि हे व्हॉल्व्ह उघडणारा डोक्यावरचा कॅमशाफ्ट फिरवायला साखळी किंवा गिअरची रांग नव्हे तर आगगाडीच्या इंजिनाची आठवण करून देणारे तीन दांडे. ही रचना बेंटली यांनी आपल्या रेल्वेतल्या उमेदवारीच्या दिवसांतून उचलली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

कंपनीला पैसा पुरवणारे वुल्फ बार्नाटो हेच तिचे सर्वांत यशस्वी चालकही होते. त्यांनी ले मांला तीनदा भाग घेतला आणि तिन्ही वेळा जिंकले. १९२९ मध्ये त्यांच्याबरोबर हेन्री बर्किन होते आणि १९३० मध्ये ग्लेन किड्स्टन. १९२९ च्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक बेंटलीचे आले आणि सर्वांत पुढच्या गाडीवर ‘१’ हा आकडा होता. टोपणनाव तिथूनच आले.

दुसरा दिवस : ब्रुकलँड्स

लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून वेब्रिजला रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो. ब्रुकलँड्सचा शर्यतमार्ग १९०७ मध्ये ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने बांधला, कारण ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती घ्यायला मनाई होती आणि वेगमर्यादा ताशी वीस मैलांची होती. ज्या देशाला मोटारी बनवायच्या होत्या त्याला त्या पूर्ण वेगाने पळवून पाहायला जागाच नव्हती. जवळपास पावणेतीन मैल लांबीचा, शंभर फूट रुंदीचा, वळणांवर तीस फुटांच्या आसपास उंच उठणारा तो काँक्रीटचा मार्ग. त्या काळी मोटारींच्या शर्यतींचे रीतिरिवाज ठरलेलेच नव्हते, म्हणून घोड्यांच्या शर्यतींचे उसने घेतले गेले : सुरुवातीला गाड्यांना आकडे नव्हते, चालक जॉकींसारखे रंगीत रेशमी अंगरखे घालून बसत. गाड्या तयार होतात त्या आवाराला आजही पॅडॉक म्हणतात, तो त्याच उसनवारीचा अवशेष आहे.

संग्रहालयातली कॉन्कॉर्ड आणि लॉख नेसमधून वर काढलेले वेलिंग्टन बॉम्बर यांवर मी नजर टाकली आणि पुढे निघालो, कारण मला मेंबर्स बँकिंग या उंच उठलेल्या वळणावर चालायचे होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि इथल्या शर्यती बंद पडल्या त्या कायमच्या. आवार विमानकारखान्यांना लागले, मार्ग जागोजागी तोडला गेला. तरी या बाजूचा बराच तुकडा उभा आहे. जवळून पाहिल्यावर कळते की हा मार्ग गुळगुळीत कधीच नव्हता. काँक्रीटमधले वाटाणा-गोटे पृष्ठभागावर उघडे पडले आहेत, सांध्यांतून शेवाळ वाढले आहे, आणि दोन फरशा जिथे मिळतात तिथे एक दुसरीपेक्षा बोटभर वर आली आहे. काँक्रीट लोखंडी सळ्यांशिवाय, मातीच्या भरावावर ओतलेले होते. भराव खचत गेला तसतसे उंचवटे वाढत गेले. जुन्या छायाचित्रांत गाड्यांची चारही चाके हवेत दिसतात त्याचे कारण पायाखाली होते.

मी वरच्या कडेपर्यंत चढायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर दोन्ही हात टेकावे लागले आणि शेवटी झाडाच्या मुळाला धरून थांबलो. याच कडेवरून २४ सप्टेंबर १९३२ रोजी पाचशे मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी यांची गाडी बाहेर गेली आणि ते ठार झाले. त्यांचे सहचालक होते त्यांचे सख्खे भाऊ जॅक. आणि गाडी होती ओल्ड नंबर वन. आदल्याच वर्षी हीच शर्यत जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी ताशी ११८ मैलांहून अधिक सरासरी वेगाने त्याच गाडीतून जिंकली होती. १९३२ साठी तिला आठ लिटरचे इंजिन बसवले होते. या दोन वाक्यांतच संशोधकाची सगळी अडचण सामावलेली आहे. ज्या गाडीचे इंजिन बदलले, जी पुढे अशी मोडली आणि पुन्हा बांधून बार्नाटोंसाठी बंद टपाची झाली, ती गाडी तीच का?

क्लबहाउसमध्ये बसून मी माझ्या वहीतल्या तारखा ताडून पाहिल्या. ब्रुकलँड्सवर चोवीस तासांची शर्यत सलग घेता येत नसे, कारण शेजारच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध दाद मागितली होती आणि रात्री गाड्या पळवायला बंदी होती. म्हणून ‘डबल ट्वेल्व्ह’ ही युक्ती निघाली : एक दिवस बारा तास, रात्री गाड्या कुलूपबंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा तास. १९३० मध्ये तिचे पहिले दोन क्रमांक स्पीड सिक्स गाड्यांनी घेतले. मात्र त्या वर्षी बेंटलीच्या संघाकडे स्पीड सिक्स एकापेक्षा जास्त होत्या, त्यामुळे ‘स्पीड सिक्स जिंकली’ एवढे वाचून आपली गाडी जिंकली असे लिहून टाकणे धोक्याचे आहे. माझ्या वहीत मी दोन ठिकाणी नेमके तेच केलेले होते. दोन्ही ओळी मी त्या टेबलावरच खोडल्या.

तिसरा दिवस : ब्यूली

वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्टपर्यंत रेल्वे आणि तिथून टॅक्सी. न्यू फॉरेस्टमधली मोकळी घोडी रस्त्याच्या मधोमध निवांत उभी असतात आणि टॅक्सीवाला हॉर्न न वाजवता थांबून राहतो. ब्यूलीचे संग्रहालय लॉर्ड माँटेग्यू यांनी १९५२ मध्ये आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ राहत्या वाड्यात थोड्याशा गाड्या मांडून सुरू केले. १९७२ पासून ते राष्ट्रीय मोटार संग्रहालय झाले. गाड्या पाहायला लोक रांगा लावतात, पण माझे काम ग्रंथालयात होते आणि त्याची वेळ मी दोन महिने आधी पत्राने ठरवून घेतली होती.

‘द ऑटोकार’ हे साप्ताहिक १८९५ पासूनचे आहे. ‘मोटर स्पोर्ट’ मासिक १९२४ मध्ये ‘ब्रुकलँड्स गॅझेट’ या नावाने निघाले आणि वर्षभरात त्याचे नाव बदलले. बांधलेले खंड एकेक करून माझ्यासमोर आले. शर्यतीचा वृत्तांत शर्यतीनंतर आठवड्याभरात छापला गेला असेल तर मी त्याला एक वजन देतो. तोच प्रसंग तीस वर्षांनी कोणी आठवणींतून लिहिला असेल तर दुसरे. छापील कार्यक्रमपत्रिकेला त्याहून कमी, कारण ती शर्यतीच्या आधी छापलेली असते : तिच्यात नाव असलेली गाडी प्रत्यक्षात आलीच नसेल, किंवा चालक ऐन वेळी बदलला असेल. ज्या पत्रिकेवर कोणा प्रेक्षकाने पेन्सिलीने फेऱ्या आणि बाद झालेल्या गाड्या टिपल्या आहेत ती मात्र सोन्यासारखी.

दुपारी छायाचित्रे काढून दिली. माझ्याकडे एका छायाचित्राची प्रत कित्येक वर्षांपासून होती. मागे शाईने ‘ले मां १९३०’ लिहिलेले, आणि मी ते प्रमाण मानून चाललो होतो. भिंगाखाली धरल्यावर आधी मला काहीच वेगळे दिसले नाही. गाडीकडे पाहत राहिलो तेच चुकत होते. मग नजर चाकांखाली गेली, तर जमिनीवर सरळ रेषा होत्या, ठरावीक अंतरावर, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. आदल्या दिवशी ज्यांच्यावर तळहात टेकले होते तेच काँक्रीटच्या फरशांचे सांधे. ले मांचा रस्ता हा गावांना जोडणारा साधा सार्वजनिक रस्ता, त्याला असले सांधे कुठून असणार? छायाचित्र ब्रुकलँड्सचे होते. मागची ओळ कोणी तरी नंतर, विक्रीसाठी किंवा निव्वळ अंदाजाने, लिहिली असावी.

तिथून मी दिवसभर गाडीऐवजी तिच्या आजूबाजूचेच पाहत होतो : पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची जागा, बॉनेटवरच्या चामडी पट्ट्याची बकल कोणत्या बाजूला आहे, दिव्यांवरच्या दगडरोधक जाळीची वीण, मडगार्डच्या आधाराचे रिव्हेट. नंबर प्लेटवर एकटीवर विसंबता येत नाही. ती दोन बोल्टांवर बसते, आणि एकाच संघाच्या चार सारख्या गाड्या एका आवारात उभ्या असताना दोन बोल्ट काढायला मिनिटभरही लागत नाही. पण रिव्हेटची रांग किंचित वाकडी असेल तर ती त्या एकाच गाडीची असते.

चौथा दिवस : रेल्वेत

ब्रॉकनहर्स्टहून बॅनबरीला थेट गाडी मिळाली. पाऊस लागला होता आणि खिडकीतून काही दिसत नव्हते, म्हणून मी बरोबर आणलेला न्यायनिवाड्याचा कागद पुन्हा वाचायला घेतला. जुन्या शर्यतीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला कळकळीने वाटते.

१९९० मध्ये ओल्ड नंबर वनचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. पुढे खरेदीदार कंपनीने व्यवहार पूर्ण करायला नकार दिला. तिचे म्हणणे असे की ही ती गाडी नव्हेच. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर गेले आणि जुलै १९९० मध्ये निकाल लागला. गाडीचा सुटा-सुटा भाग तपासला गेला. १९२९ च्या गाडीचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. तिच्या १९३० च्या रूपातले पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच. चासीची चौकट, पुढचा ॲक्सल, आठ लिटरचे इंजिन, हे सारे १९३२ चे. अशा गाडीला १९२९ ची मूळ गाडी म्हणता येणार नाही, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट मान्य केले. पण ती नंतर कोणी सुटे भाग जमवून उभी केलेली नक्कलही नव्हती. शर्यतीमागून शर्यतीत ती झिजली, तिचे भाग बदलले, ती मोडली, पुन्हा बांधली गेली. आणि या सगळ्यात असा एकही क्षण आला नाही की जेव्हा ती गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली. या अखंड इतिहासाच्या बळावर तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणवून घेण्याचा अधिकार आहे, असा निर्णय झाला आणि विकणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला.

इंग्लंडमधल्या काही जाणकारांना हा निकाल आजही पटत नाही. मला तो पहिल्या वाचनातच पटला, आणि त्याचे कारण बहुधा माझ्या घरात आहे. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार माझ्या पणजोबांच्या काळी एकदा आणि वडिलांच्या काळी एकदा झाला. लाकडी खांब गेले, दगडी आले, कळस बदलला, गाभाऱ्याची फरशी बदलली. देऊळ नवे झाले असे गावात कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, कारण सकाळची पूजा एकही दिवस चुकली नव्हती. मात्र पूजा चुकली नाही हे सांगणारे कोणी तरी लागते. गाडीच्या बाबतीत ते काम कागद करतात.

पाचवा दिवस : रॉक्स्टन

बॅनबरीपासून तीनेक मैलांवरचे रॉक्स्टन हे मधाच्या रंगाच्या दगडी घरांचे खेडे. डब्ल्यू. ओ. बेंटली यांच्या स्मृतिन्यासाची इमारत इथे आहे आणि क्रिकलवुडच्या कारखान्याच्या दुरुस्ती-देखभालीच्या मूळ नोंदी तिथे जपल्या आहेत.

या नोंदी इतक्या भरघोस का, याला कारण आहे. बेंटली आपल्या चासीला पाच वर्षांची हमी देत असे. हमी पाच वर्षांची, म्हणजे गाडी पाच वर्षे पुन्हा पुन्हा कारखान्यात येणार. म्हणजे प्रत्येक चासीमागे पाच वर्षांचा हिशेब ठेवणे भाग. त्या काळातल्या कित्येक ब्रिटिश गाड्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्या आणि कागदावरून नाहीशा झाल्या. बेंटलीचे तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय इतिहासाच्या प्रेमाला नव्हे, हमीच्या कलमाला आहे.

आधी सरावासाठी म्हणून दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी एका साध्या तीन लिटर गाडीची नोंद माझ्यासमोर ठेवली. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणी क्रमांक, मालक, हमी सुरू झाल्याची तारीख. त्याखाली बारीक अक्षरात कामांची यादी. मागच्या ॲक्सलचा आवाज, तपासला. क्लच, पुन्हा बसवला. मालक बदलला. पुन्हा मागच्या ॲक्सलचा आवाज. एका ओळीत अक्षर बदलते, शाई निळ्याची काळी होते, आणि नवा कारकून तीच तक्रार वेगळ्या शब्दांत लिहितो. शर्यतीचा इतिहास शोधणाऱ्याला अशा पानावर दोनच गोष्टी पाहायच्या असतात : बदललेल्या भागाचा क्रमांक आणि तारीख. इंजिन दुसऱ्या चासीत गेले असेल तर त्या दुसऱ्या चासीचे पानही काढावे लागते, आणि तिथली तारीख इथल्या तारखेशी जुळते का ते पाहावे लागते. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार ताडून पाहतात तसेच हे काम आहे, आणि तितकेच डोळे शिणवणारे.

नोंदणीची सरकारी बाजू याच्या उलट आहे. १९०४ पासून गाड्यांची नोंदणी त्या त्या काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, होती. एमटी ही अक्षरे मिडलसेक्सची. १९७० च्या दशकात हे काम स्वान्सीच्या मध्यवर्ती कचेरीकडे गेले आणि मग जुन्या वह्यांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवले. काही काउंटींनी त्या दप्तरखान्यांत जमा केल्या, कित्येकांनी जागा मोकळी करण्यासाठी नष्ट केल्या. अशा एका नष्ट झालेल्या वहीमुळे किती गाड्या मुक्या झाल्या असतील याचा विचार करताना मला खरोखर दुःख होते. गाडी गंजली तर पत्रा नवा ठोकता येतो. ती वही पुन्हा लिहिता येत नाही.

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझी चौदा पाने भरली होती. ब्रुकलँड्सला खोडलेल्या दोन ओळींपैकी एक मी आता पुन्हा लिहू शकलो, यावेळी तारीख आणि आधारासकट. दुसरी खोडलेलीच राहिली.

सहावा दिवस : प्रेस्कॉट

शेवटचा दिवस मी कागदापासून दूर ठेवला होता. चेल्टनमजवळच्या प्रेस्कॉटच्या टेकडीवर १९३८ पासून चढाईच्या शर्यती होतात. मार्ग आहे ११२७ यार्डांचा, बुगाटी मालकांच्या क्लबचा, आणि ऑगस्टमध्ये तिथे व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या गाड्या येतात. हा क्लब १९३४ चा. १९३० अखेरपर्यंत बनलेल्याच गाड्यांना तो व्हिंटेज मानतो आणि प्रत्येक गाडीचा चासी-इंजिनापासूनचा पूर्वेतिहास मालकाकडून लिहून घेतो. म्हणजे कागदापासून सुटका इथेही नव्हतीच.

झाडीत शिरताच वास आला आणि मी जागीच थांबलो. एरंडेल. शर्यतीच्या जुन्या इंजिनांत एरंडेलापासून केलेले वंगण अजून वापरतात, आणि ते जळाले की बालपणीच्या चमच्याची आठवण करून देणारा गोडसर, जड दरवळ सगळ्या पॅडॉकवर पसरतो. गाड्या गवतावर रांगेने उभ्या होत्या, बॉनेट उघडी, माणसे गुडघ्यांवर. फ्रेझर नॅश गाडीच्या साखळ्यांना कोणी ब्रशने तेल लावत होते. एक साडेचार लिटर बेंटली जॅकवर चढवलेली होती आणि तिचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, मागच्या चाकाशी झगडत होते. मी पाना धरला, त्यांनी चाक बसवले. गाडीचा टप नवा आहे, गिअरबॉक्स दुसऱ्या बेंटलीचा आहे, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

त्यांची पाळी दुपारी आली. एवढी मोठी गाडी त्या अरुंद वळणावर आडवी झाली, सावरली आणि झाडांआड गेली. बराच वेळ नुसता आवाज ऐकू येत राहिला. खाली परतल्यावर त्यांनी हातमोजे काढले, सीटमागच्या खणातून तेलाचे डाग पडलेली एक जाड वही काढली आणि चष्मा सापडेना म्हणून फलकावरची वेळ मला वाचून दाखवायला सांगितली. मी आकडा मोठ्याने वाचला. पानावर वरच्या ओळीत मागच्या महिन्याची तारीख आणि ‘डावा ॲक्सल शाफ्ट बदलला’ असे लिहिलेले होते. त्याखाली त्यांनी आजची तारीख, प्रेस्कॉट, चालकाचे नाव आणि सेकंद दोन दशांशांपर्यंत लिहिले, मग एकदा माझ्याकडून पडताळून घेतले, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवून बॉनेटवर ठेवली.